देवाच्या पायाखालचा तांदूळ

काल भाजी आणायला बाहेर पडले तर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फुटपाथभर बाहुल्या. मातीच्या, नुकत्याच रंगवलेल्या. रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. शेजारी कोहळ्यांचा ढीग, केळीचे खांब, चुरमुऱ्यांची पोती. विकणारी बाई मला ओळखते. म्हणाली, "मराठी मामी, यंदा कुठली बाहुली देऊ?" मी म्हटलं, थांब बाई, आधी गुडघ्यांना विचारते. माळ्यावरची खोकी खाली काढायची म्हणजे काय खायचं काम आहे?

पण गुडघ्यांना विचारलंच नाही. एक बाहुली घेऊन आले. दरवर्षी एक तरी नवी घ्यावी लागते, तसा रिवाज आहे.

इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरला, नवरात्र आलं की आधी घाम येतो आणि मग उत्सव येतो. ऑक्टोबरची हवा अंगाला चिकटते, जिन्यात मोगऱ्याचा वास, आणि प्रत्येक मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या, कारण घरोघरी सुंडल शिजत असतं. सुंडल म्हणजे उसळच, पण कोरडी. हरभरे, चवळी, शेंगदाणे, रोज वेगळं कडधान्य. मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि वरून खोबरं. आणि घरोघरी कोलू. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फळ्यांच्या पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, अंथरायची आणि बाहुल्या बसवायच्या. सगळ्यांत वर देव. मग राजे, साधुसंत. मग लग्नाची वरात, बँडवाले, भाजीवाली. आणि अगदी खालच्या पायरीवर चेट्टियार, म्हणजे वाणी, आणि त्याची बायको, पुढ्यात धान्याच्या छोट्या छोट्या राशी घेऊन. दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यातली एक बाहुली आडवी करून निजवायची. झाली मग सुटी सगळ्यांना.

मी लग्न होऊन कऱ्हाडहून इथे आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ह्यांची बँकेत नोकरी. मला तमिळ येत नव्हतं. बसच्या पाट्या वाचून वाचून पुढे शिकले. खाली तळमजल्यावर सखूअक्का राहायची. तंजावरकडची मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच वाढलेली माणसं. तिचं मराठी ऐकून मला वाटायचं, जुन्या पोथीतली बाई बोलतेय, आणि मध्येच ती 'अय्यो' म्हणायची की पोथी मिटायची. तिनेच मला तिच्या जास्तीच्या बाहुल्या दिल्या आणि म्हणाली, "मांड तू आपली, मी संध्याकाळी येऊन पाहते."

मी मांडल्या. त्यातला तो वाणी हातात घेतला. पोट सुटलेलं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात माळ, समोर राशी. मला वाटलं, हा कुबेरच! दुसरं कोण असणार? नेऊन बसवला लक्ष्मीच्या शेजारी, सगळ्यांत वरच्या पायरीवर. फूलसुद्धा वाहिलं.

संध्याकाळी अक्का आली, आणि दारातच पोट धरून हसायला लागली. "अय्यो कमळे! दुकानदार गे तो! हिशेब करायला बसलाय, आशीर्वाद द्यायला नाही!"

सगळ्या बिल्डिंगला गोष्ट कळली. पुढे कितीतरी वर्षं कोलू बघायला आलेली बाई आधी वर बघायची, वाणी कुठे बसवलाय ते.

मी मात्र तेव्हापासून एक बघत आले. कोलूसमोर बसलं की माणसं हमखास बोलतात ते कोण वर आणि कोण खाली याबद्दल. बाहुल्यांबद्दल नाही हो, माणसांबद्दल. समोर पायऱ्या दिसतात म्हणून सुचतं की काय, कोण जाणे. अमक्याने दुसरा फ्लॅट घेतला, तमक्याला दुकान विकावं लागलं. आणि लगेच कारणंही तयार असतात. अभ्यास केला म्हणून. बापाचं होतं म्हणून. ग्रह चांगले म्हणून. आळशी म्हणून. सुंडलची वाटी संपायच्या आत गावाचा सगळा न्याय लावून होतो.

आमच्या सुनंदाचंच घ्या. ती विट्याकडची, तिचे यजमान जॉर्ज टाउनच्या बाजारात गलाई करतात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं, सोन्यात हात म्हणजे केवढी श्रीमंती! सुनंदा हसायची. म्हणायची, "काकू, सोनं लोकांचं, आमचा नुसता धूर." पण पटायचं कुणाला नाही. सोनं डोळ्यांना दिसतं. धूर ज्याच्या छातीत जातो त्यालाच कळतो.

आता मला जे नवरात्र सांगायचं आहे ते फार जुनं नाही. हे जाऊन काही वर्षं झाली होती. माझा नंदू इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात स्टोअर्सला होता. पहाटे कंपनीची बस मोठ्या रस्त्यावर यायची, तो करड्या रंगाचा कंपनीचा शर्ट घालून जायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये नंदू म्हणजे उदाहरण. तिसऱ्या मजल्यावरच्या राजम मामी आपल्या भाच्याला सांगायच्या, "त्या मराठी मुलाकडे बघ. बाप गेला, तरी कसा उभा राहिला." मीही ते ऐकून मान हलवायचे. चांगलं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि दरवर्षी आयुधपूजेला, म्हणजे नवव्या दिवशी, कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली की नंदू मिठाईचा मोठा डबा आणि चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन यायचा. तो डबा मी कोलूसमोर उघडायचे आणि बिल्डिंगभर वाटायचे. राजम मामींची काजूकतली ठरलेली.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी कारखान्याला मोठ्या कंपनीकडून येणारं काम आटलं. एक पाळी बंद झाली. स्टोअर्सची माणसं कमी केली, त्यात नंदू. घरी आला, बूट काढले, आणि म्हणाला, "आई, नवरात्र होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. घरात सगळा दिवस बायका येणार. मला त्यांच्यासमोर बसवणार नाही. तोवर मी दुसरं काहीतरी बघतो."

मी बरं म्हटलं. सून कल्पना खाजगी शाळेत शिकवते, तीही बरं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून नंदू त्याच वेळेला, तोच करडा शर्ट घालून घराबाहेर पडायला लागला. अंबत्तूर इस्टेटमधल्या लहान लहान कारखान्यांची फाटकं धुंडाळायचा. संध्याकाळी बसच्या वेळेला परत. खिडकीतून मी बघायचे. वळणावर आला की खांदे सरळ करायचा. ते खांदे सरळ करणं मला अजून दिसतं.

माझी काळजी एकच, आयुधपूजेची. डबा आला नाही की सगळं उघडं. मी तर मिठाईच्या दुकानासमोर जाऊन उभीसुद्धा राहिले. घ्यावा का एक डबा, खोडावं का त्यावरचं दुकानाचं नाव? मग वाटलं, अगं, दुकानातला डबा आणि कंपनीतला डबा काय बायकांना ओळखू येत नाही? चव ओळखणाऱ्या बायका त्या! परत आले.

आता तांदळाचं सांगते. आमच्याकडे कोलूच्या सगळ्यांत वरच्या फळीला आधार म्हणून एका बाजूला स्टीलची ट्रंक आणि दुसऱ्या बाजूला तांदळाचं मोठं पिंप. वेष्टी अंथरली की खाली काय आहे कुणाला दिसत नाही. दरवर्षी नवरात्राच्या आधी तांदळाचं अख्खं पोतं यायचं, पिंप काठोकाठ भरायचं, आणि नऊ दिवसांपुरता तांदूळ आधीच वेगळा काढून ठेवायचे. कोलू मांडला की पिंपाला हात लावायचा नाही. त्या वर्षी पोतं आणलं नाही. पिंपात होता तेवढाच तांदूळ. म्हटलं, पुरेल. तो वेगळा काढला असता तर पिंप पहिल्याच दिवशी रिकामं, हलकं होऊन फळी डुलायला लागली असती. म्हणून मी रोज सकाळी वेष्टीआड हात घालून, देवांच्या पायाखालून एकेक वाटी तांदूळ काढत होते. देव वर, आणि त्यांच्या खालचा आधार रोज थोडा थोडा आमच्या पोटात.

दुपारच्या आधी बायका जमायच्या. एक दिवस विषय निघाला मणीचा. मणी म्हणजे आमच्या फाटकाबाहेर झाडाखाली इस्त्रीची गाडी लावतात, त्यांचा मुलगा. तोही एका कारखान्यात होता, नंदूच्या कारखान्यापासून दोन फाटकं सोडून. त्यालाही काढलं होतं. ते काही लपून राहिलं नव्हतं, बाप झाडाखाली उभा राहून सगळ्यांना सांगत होता.

राजम मामी म्हणाल्या, "काढलं म्हणजे काय उगीच काढतात? कामाचा कंटाळा असणार. रेशनचा तांदूळ फुकट मिळतो, मग कशाला राबतील?"

दुसऱ्या मजल्यावरची दिव्या, ती कॉम्प्युटर कंपनीत आहे, त्या दिवशी घरूनच काम करत होती. ती म्हणाली, "आँटी, ही माणसं स्वतःला अपडेटच करत नाहीत. एकच काम धरून बसतात."

अक्का म्हणाली, "ज्याचं त्याचं लिहिलेलं गे. आमच्या पूर्वजांना राजाने जमीन दिली होती म्हणतात. आहे का आता? मी भाड्याच्या घरात राहते की नाही?"

सुनंदा समईची वात सारत बसली. मी चमचा धरून तशीच उभी. सुंडल वाढायचं विसरले. मणीचं काम गेलं आणि माझ्या नंदूचं काम गेलं ते एकाच आठवड्यात, एकाच कारणाने. आणि इथे त्या पोराला तीन कारणं मिळाली, तिन्ही त्याच्याच अंगातली.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी पुन्हा सगळ्या आल्या. शेंगदाण्याचं सुंडल होतं, बरं का, कारण ते स्वस्त पडतं. राजम मामी उठता उठता म्हणाल्या, "उद्या नंदूचा डबा येईल. माझी कतली लपवून ठेवा हं मामी, त्या दिव्याचा डोळा असतो तिच्यावर." दिव्या म्हणाली, "हो, हो, गेल्या वर्षी कोणी तीन खाल्ल्या ते सगळ्यांना माहीत आहे!" हसल्या सगळ्या. आणि हसत हसत मामींनी उठण्यासाठी आधाराला वरच्या फळीवर हात टेकला.

फळी डुलली. लक्ष्मी वाकली, गणपती घसरला, अक्काने झटकन पुढे होऊन दोघांना धरलं. वेष्टी बाजूला झाली, आणि पिंप असं हलकं खणकलं की कुणालाही कळावं.

मामी हसतच म्हणाल्या, "अहो, देव हलतायत की! पिंपात तांदूळ नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

एवढंच म्हणून थांबले असते तर कदाचित पुढचं हसण्यावारी गेलं असतं. पण तोंडातून निघत गेलं. "नाही तांदूळ. नंदूची नोकरी गेली. उद्या डबा यायचा नाही. तो रोज शर्ट घालून जातो ते तुमच्यासाठी. घरात बसला तर तुम्ही काय म्हणाल म्हणून."

अक्काच्या हातात अजून गणपती होता.

आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. राजम मामी: "कंपन्याच मेल्या अशा! माणसाला वापरतात आणि फेकतात!" दिव्या: "मार्केटच डाउन आहे आँटी, आमच्याकडे पण किती जणांना काढलं. यात नंदूअण्णांचा काय दोष?" अक्का: "शनी असेल गे. निघून जाईल." कारणं पुन्हा तीनच. पण यावेळी एकही नंदूच्या अंगातलं नाही! एकीला कंपनी सापडली, दुसरीला बाजार, तिसरीला थेट आकाशातला ग्रह.

मी ते ऐकत होते आणि एकीकडे डोळ्यांतून पाणी, आणि एकीकडे मला हसू येत होतं. त्या बायका दुष्ट नव्हत्या हो. मणीबद्दल बोलताना नव्हत्या आणि आत्ताही नव्हत्या. माझ्या मनात आलं ते इतकंच: माणूस ओळखीचा असला की कारण त्याच्या बाहेर सापडतं. ओळखीचा नसला की त्याच्या हाडांत. जो आपल्या घरचं सुंडल खातो तो आळशी कसा असेल? जो झाडाखालून येतो तो मात्र असू शकतो. तेवढंच अंतर. फाटकापासून जिन्यापर्यंतचं.

राजम मामी उठून निघून गेल्या. मला वाटलं, झालं, राग आला. पण थोड्या वेळाने पायात स्लिपर, धापा टाकत, कडेवर लेकरू धरावं तशी तांदळाची पिशवी धरून त्या परत आल्या. वेष्टीचा कोपरा उचलला, आणि सरळ पिंपात ओतायला लागल्या. मी म्हटलं, "अहो मामी, काय हे?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देव हलू नयेत म्हणून. तुमच्यासाठी नाही."

मग दिव्याही जाऊन घेऊन आली. अक्काने तर पितळेचं मोठं भांडंच आणलं, तंजावरचं, नक्षीचं. तांदूळ पिंपात पडताना जो आवाज होतो ना, आधी टिणटिण आणि मग हळूहळू मऊ होत जाणारा, तो मी आयुष्यात इतका लक्ष देऊन कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात कल्पना शाळेतून अर्ध्या दिवसाने आली. दारात उभी राहून बघत राहिली, कोलूमागे चार बायका वाकलेल्या, देव जागच्या जागी, आणि सासू रडतेय की हसतेय ते कळेना. मग नंदूला फोन लावला आणि म्हणाली, "घरी या. सगळ्यांना कळलंय. काही नाही, खरंच काही नाही. या तुम्ही."

सुनंदाने जाता जाता माझा हात दाबला. म्हणाली, "काकू, यांच्या ओळखीचा एक व्यापारी आहे आमच्या गल्लीच्या मागे. नट-बोल्टचं ठोक दुकान. त्याला गोदाम सांभाळणारा, माल ओळखणारा माणूस हवाय. आधी कळलं असतं तर आधीच बोलले असते."

आधी कळलं असतं तर. बघा.

दिवाळीच्या सुमाराला नंदू त्या दुकानात लागला. कारखान्यापेक्षा लहान काम, बस नाही, शर्ट नाही, सकाळी गाडी धरून जायचं, जॉर्ज टाउनच्या हातगाड्यांमधून वाट काढायची. पण माणूस घरी येतो तो सरळ खांद्यांनी, मुद्दाम न करता. अक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, "दुकानदारानेच तारलं ना शेवटी? तू पहिल्याच वर्षी बरोबर बसवला होतास गे त्याला!"

मणीलाही इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तेही नंदूकडूनच कळलं. फाटकाफाटकावर काम शोधत हिंडताना ते दोघं रोज भेटत होते, एकाच टपरीवर चहा पीत होते. मी हे राजम मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हुशारच होता हो तो मुलगा, लहानपणापासून." मणी आता त्यांच्या ओळखीचा झाला होता, एवढंच.

हल्ली कोलूसाठी घडीच्या स्टीलच्या पायऱ्या मिळतात. नंदूने गेल्या वर्षी आणून दिल्या. छान आहेत, डुलत नाहीत, नळ्या जोडल्या की झालं. तरी मी वरच्या पायरीखाली ते पिंप सरकवून ठेवते. कल्पना म्हणते, "आई, त्याची गरज नाही आता." मी म्हणते, असू दे. वरून पांढरी वेष्टी सगळ्यांचीच सारखी दिसते. खाली काय आहे ते मला माहीत असलेलं बरं. यंदा अक्काला जिना चढवत नाही. तिला नंदू खुर्चीत बसवून वर आणणार आहे, आणि ती आल्याबरोबर आधी वर बघणार, वाणी कुठे आहे ते.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने नंदू आला. भर दुपारी, उन्हात, सगळ्या बिल्डिंगदेखत, बसची वेळ नसताना. बायका अजून बसलेल्याच होत्या. मला धास्ती, की आता हा चिडतो की काय. त्याने चपला काढल्या, पाय धुतले. राजम मामींनी त्याच्या हातात सुंडलची वाटी दिली, त्याने उभ्यानेच संपवली. मग त्याने तो करडा शर्ट काढून खुंटीला लावला, कोलूसमोर चटईची एक बाजू रिकामी होती तिथे बनियनवर आडवा झाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत झोपला. लहानपणी झोपायचा तसा, एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं.

बायका आधी कुजबुजत बोलल्या. मग विसरल्या आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागल्या. नवीन बायका आल्या, त्याच्या पायांना वळसा घालून हळदीकुंकू लावून गेल्या. बांगड्या वाजत होत्या, कुकर शिट्टी मारत होता. तो हललासुद्धा नाही. किती दिवसांची झोप होती ती!

अक्काने उठून घसरलेला गणपती पुन्हा एकदा त्याच्या जागी सरळ केला, वरून खाली सगळ्या पायऱ्यांवरून नजर फिरवली, अगदी खाली चटईवर नंदूपाशी येऊन थांबली, आणि मला म्हणाली, "का गे कमळे, यंदा बाहुली आधीच निजवलीस?"